उधाणाच्या दिवशीची सुई

आमच्या गावात क्षय कुणालाच होत नाही. एखाद्याला जुनाट खोकला असतो, एखादीला बाहेरची बाधा असते, कुणाला नजर लागलेली असते, कुणी नुसतंच अंगानं उतरलेलं असतं. मला मात्र क्षय झाला होता आणि मी तो क्षय म्हणूनच सांगणार आहे. लपवून मला काय मिळणार? सासरमाहेरच्या सगळ्यांना माहीत आहे, आणि ज्यांना नव्हतं त्यांना आमच्या शेजारणींनी हौसेनं सांगितलं आहे.

ठाण्याची खाडी ओलांडून कळव्याच्या पुढे, भरतीचं पाणी शिरतं त्या खाजणाच्या कडेला आमचं गाव आहे. पावसाळ्यात भात आणि दिवाळीनंतर पुढचा पाऊस येईपर्यंत मिठागर, असं आमचं वर्ष. माझं माहेर डोंबिवलीजवळचं. वडिलांनी भावकीशी भांडून मला सातवीपर्यंत शिकवलं, म्हणून हे लिहिता येतंय. ज्यांच्या हातात आज क्षयाच्या औषधाची पुडी आहे आणि जे ती खिडकीबाहेर टाकायचा विचार करत आहेत, त्यांनी हे वाचावं अशी माझी इच्छा आहे.

साथ

सत्तावन्न साली उन्हाळा संपता संपता तो ताप आला. मुंबईहून आला असं ठाण्याचे लोक म्हणायचे, ठाण्याहून आला असं आम्ही म्हणायचो. वर्तमानपत्रात त्याला फ्लू म्हणत आणि तो म्हणे सगळ्या जगाला वळसा घालून आला होता. आमच्याकडे तो आला तेव्हा मिठाच्या राशी झाकायच्या बाकी होत्या, पाऊस तोंडावर होता आणि घरोघरी माणसं आडवी झाली होती. मी उभी होते. उभं असलेल्या बाईला आपल्याकडे कुणी विचारत नाही की तुला काय होतंय. मी घरातल्यांना पेज पाजली, शेजारच्या दोन घरांत पाणी भरलं आणि उरलेल्या वेळात राशींवर झावळ्या टाकल्या.

माझी धाकटी जाऊ सोनी त्या तापात गेली. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. खूप बोलायची, आणि बोलता बोलता माझ्या वाटणीचं कामही करून टाकायची. तापाच्या तिसऱ्या दिवशी तिला श्वास पुरेना. माझ्या नवऱ्यानं, हरीनं, आणि दिरानं तिला खाटेवर घालून बांधावरून, मग पुलावरून ठाण्यात, नौपाड्यातल्या गुप्ते डॉक्टरांकडे नेलं. दोघेही स्वतः तापातून उठलेले, दर शंभर पावलांवर खाट खाली ठेवत होते. दवाखान्याची रांग रस्त्यापर्यंत आली होती. डॉक्टर स्वतः रस्त्यावर येऊन तिला बघून गेले. ते म्हणाले, "काल आणायला हवी होती हो." काल आमच्या घरात खाट उचलायला दोन धड माणसं नव्हती.

साथ ओसरल्यावर गावकरी ठाण्यात जाऊन सरकारी साहेबांना भेटले, गावात दवाखाना द्या म्हणाले. आणखी कुठल्या गावांतूनही माणसं आली होती. पण आमच्या गावासाठी खरा जोर लावला तो गुप्ते डॉक्टरांनी. ती खाट त्यांच्या डोळ्यांपुढून जात नव्हती, असं त्यांनी मला पुढे सांगितलं. शेवटी शाळेच्या ओट्यावर सरकारी दवाखाना सुरू झाला. सोमवारी आणि गुरुवारी, दहा ते एक. सोबत एक नर्स, मालतीबाई, डोंबिवलीहून गाडीनं येणारी. औषध फुकट. आमच्या गावाच्या इतिहासात डॉक्टर आपल्या पायांनी आमच्याकडे आला तो असा, सोनी गेल्यावर.

फोटो

सगळ्यांचा ताप गेला, माझा खोकला राहिला. अशक्तपणा आहे, म्हणाले सगळे. मीही म्हणाले. एका सकाळी धुण्याच्या दगडावर खोकले तर पांढऱ्या दगडावर लाल ठिपका दिसला. मी त्यावर तांब्याभर पाणी ओतलं आणि कपडे आपटत राहिले. गुरुवार उजाडेपर्यंत कुणाला बोलले नाही.

डॉक्टरांनी छाती ऐकली आणि ठाण्याला जाऊन छातीचा फोटो काढून आणायला सांगितलं. फोटो घेऊन आम्ही नौपाड्यात गेलो. हरीनं इस्त्रीचा सदरा घातला होता. लग्नाला जाताना घालायचा तो. डॉक्टरांनी फोटो खिडकीच्या उजेडात धरला आणि फिरवून फिरवून पाहिला.

"हिराबाई, क्षय आहे."

"दुसऱ्या कोनाचा फोटो असल, डाक्टर," हरी म्हणाला. इतक्या गंभीरपणे म्हणाला की मला हसू आलं. हसताना खोकला आला आणि मग कुणालाच शंका उरली नाही.

डॉक्टर म्हणाले, "दहा वर्षांपूर्वी मी तुमच्याशी खोटं बोललो असतो. आज खरं सांगतोय, कारण आज औषध आहे. सुया, गोळ्या आणि एक घाणेरडी भुकटी. वर्षभर तरी, कदाचित जास्त. अट एकच. मधे सोडायचं नाही. अर्धवट घेतलंत तर जंतू त्या औषधाला सरावतो आणि मग ते औषध तुमच्या कामाचं राहत नाही."

मी विचारलं, "माझी मुलगी चार वर्षांची आहे. तिला जवळ घ्यायची नाही का?"

"पूर्ण बऱ्या होईपर्यंत नाही. मी सांगेपर्यंत नाही."

मला मरणाची भीती त्या दिवशी वाटली नाही, ती नंतर वाटली. त्या दिवशी एवढंच कळलं की कमळीला पुन्हा उचलून घ्यायचं असेल तर वर्षभर एकही सुई चुकवायची नाही. ते मी मनाशी पक्कं केलं आणि उठले.

परत येताना पुलावर आम्ही भांडलो. हरी म्हणाला, "घरान दमा सांगू." मी म्हटलं, "क्षय सांगायचा." तो म्हणाला, "लोक पानी भरू देनार नाय." मी म्हटलं, "मग तू भर." पुढे त्यानं खरंच पाणी भरलं, वर्षभर भरलं, हेही इथंच लिहून टाकते.

वॉर्ड

सुरुवातीचे दोन महिने मला ठाण्यात इस्पितळात ठेवलं. पहाटे काचेची नळी जिभेखाली, मग दूध, मग सुई, मग ती भुकटी. भुकटीबद्दल डॉक्टर खरंच बोलले होते. टाळ्याला चिकटायची, जेवणाआधी घेतली तर जेवण जात नसे आणि जेवणानंतर घेतली तर राहत नसे. प्रत्येकीच्या खाटेखाली झाकणाचा डबा, थुंकण्यासाठी. पहिले काही दिवस मी त्या डब्याकडे बघून रडायचे. नंतर झाकण नीट लागत नाही म्हणून आयाशी भांडायला लागले आणि तेव्हा मला वाटलं, आपण जगणार.

भीती सकाळीच वाटायची. जाग आल्यावर आधी डोळे न उघडता कानोसा घ्यायचे. रात्री कुणी गेली असेल तर तिची गादी बाहेर उन्हात नेत आणि तेव्हा दोरीची खाट करकरायची. गादी कुणाची, ते बघायला नको वाटायचं.

शेजारच्या खाटेवर कल्याणच्या एका धान्याच्या व्यापाऱ्याची सून होती, सुशीलाबाई. तिला रोज घरचा डबा यायचा, रोज कुणीतरी भेटायला यायचं. तिनं भुकटीवर उपाय काढला होता. पुडी घशात टाकायची आणि लगेच लिंबाच्या लोणच्याची फोड चोखायची. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, पुडी पोटात राहत असेल तर लोणचं काय, मुरंबाही चालेल. मग तिनं घरून एक बरणी माझ्यासाठी मागवली. बायकांच्या वॉर्डात यापेक्षा मोठा उपकार मी पाहिला नाही.

एकदा तिनं विचारलं, "तुमच्याकडचं कोणी येत नाही का हो? गाव लांब आहे?"

मी विचार करत बसले. कल्याण ठाण्याहून किती लांब, आणि आमचं गाव तर खिडकीतून हात केला तर दिसेल इतकं जवळ. पण तिची माणसं गाडीत बसून यायची. हरीला यायचं तर बांधावरून चिखल तुडवत यायचं, तेही कामावरून सुटका झाली तर. जवळ म्हणजे काय, हे मला त्या खाटेवर पडल्या पडल्या कळलं. ज्याला पोचता येतं त्याला जवळ.

घर

दिवाळीला घरी सोडलं. पुढच्या सुया गावातल्या दवाखान्यातच मिळणार होत्या, आठवड्यातून दोन. मागच्या पडवीत माझी खाट लागली. कमळीला माझ्या वडिलांनी आधीच डोंबिवलीला नेलं होतं.

सासूबाई माझं ताट जमिनीवर ठेवून काठीनं पुढे ढकलायच्या. पहिल्या दिवशी मला इतका राग आला की मी ताट तसंच परत ढकललं. त्या दारात उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "रागव माझ्यावर, पन जेव. एक सून गेली माझी. दुसरी मी नेऊ देनार नाय." ताटात अंडं होतं. घरात कोंबड्या मोजक्या होत्या आणि अंडं रोज माझ्याच ताटात यायचं, हे मी हळूहळू पाहिलं. काठी मला शेवटपर्यंत आवडली नाही. अंडं मी रोज खाल्लं.

वडील मधूनमधून कमळीला घेऊन यायचे. ती अंगणाच्या पलीकडे, तुळशीपाशी उभी राहायची, मी पडवीत. मधे अंगण. ती ओरडून विचारायची, "आये, जेवलीस?" मी ओरडून सांगायचे, "जेवले." पहिल्यांदा ती धावत सुटली तेव्हा वडिलांनी तिला फ्रॉकला धरून मागे खेचलं. दुसऱ्यांदा ती धावली नाही. शिकली. ते बघणं मला भुकटीपेक्षा कडू गेलं.

रिकामा ओटा

साथीनंतर आमच्या गावातून आणखी पाच-सहाजण क्षयाचे निघाले होते. फ्लूनं छात्या पोखरून ठेवल्या, मग आतलं लपलेलं वर आलं, असं डॉक्टर म्हणायचे. आम्हाला शाळेच्या आतल्या खोलीत सुया द्यायचे. बाहेर ओट्यावर तापाची, खरजेची, गळवांची गर्दी असे, त्यामुळे कोण कशासाठी आलंय ते कुणाला कळत नसे. पावसाळ्यात ओटा भरून वाहत होता म्हणे.

मिठागराची कामं सुरू झाली आणि ओटा रिकामा पडायला लागला. एक आठवडा गर्दी, दुसऱ्या आठवड्यात शुकशुकाट. मला कामाला बंदी होती, म्हणून मी न चुकता हजर. कधी कधी डॉक्टर, मालतीबाई आणि मी, एवढेच. क्षयाचे बाकीचे रोगी महिन्यातल्या निम्म्या सुया चुकवत होते.

अशाच एका रिकाम्या दिवशी डॉक्टर चिडले. त्यांना मी चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. "साथीनंतर तुमची माणसं रडत आली, दवाखाना द्या म्हणून. आता दिला, तर येत नाहीत. वरून विचारणा आली आहे, हिराबाई. रोगी नसतील तर डॉक्टर कशाला पाठवायचा? हा दवाखाना बंद होणार. ज्यांना गरज आहे त्यांनी ठाण्याला यायचं."

ठाण्याला जाऊन येऊन, आठवड्यातून दोनदा, तो चिखलाचा बांध आणि तो पूल, तेव्हाच्या माझ्या छातीनं? महिनाभरसुद्धा निभलं नसतं. सुया तुटल्या असत्या आणि कमळी तुळशीपाशीच राहिली असती.

मी शाळेच्या दारातून बाहेर बघितलं. दुपारचे बारा वाजत आले होते. लांब बांधावर सगळं गाव उभं होतं.

"डॉक्टर," मी म्हटलं, "आज अमावास्या आहे."

ते आणखी भडकले. "तेच! मला वाटलंच होतं. अमावास्येला सुई घ्यायची नाही, पौर्णिमेला घ्यायची नाही. मी अमावास्या मानत नाही, बाई."

"तुम्ही नका हो मानू. खाडी मानते."

मालतीबाईंना हसू फुटलं. मी डॉक्टरांना दारापाशी नेलं आणि दाखवलं. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे खाडीला उधाण येतं आणि भरती ऐन दुपारी लागते. तेवढ्याच दिवसांत पाणी मिठागरात घेता येईल इतकं चढतं. तेव्हा बांधातलं लाकडी दार, उघाडी म्हणतो आम्ही, उघडायची, पाणी आत घ्यायचं, भरती उतरायच्या आत फळी पाडायची. तेवढ्या वेळात बांधाला खेकड्यानं भोक पाडलेलं असेल तर तिथं चिखल थापायला माणूस हवा. सगळ्या गावाचं वर्षाचं मीठ त्या दुपारच्या पाण्यावर. अष्टमी-नवमीला, भांगाच्या दिवसांत, पाणी उघाडीपर्यंत चढतच नाही, मग माणसं मोकळी. भांगाच्या आठवड्यात ओटा भरलेला आणि उधाणाच्या आठवड्यात रिकामा, एवढाच हिशेब होता.

डॉक्टर ओट्याच्या कडेपर्यंत जाऊन बांध बघून आले. मग म्हणाले, "आणि हे मला कुणीच का सांगितलं नाही?"

खरं होतं ते. कुणीच सांगितलं नव्हतं. उधाणाला माणूस उघाडीवर असतो हे सांगायचं असतं, असं आमच्या गावात कुणाच्या डोक्यातच येत नाही. सूर्य उगवतो हे कुणी सांगतं का? गावाला वाटत होतं, डॉक्टरला ठाऊक असून तो मुद्दाम त्याच वेळी येतो, सरकारी माणूस तो. डॉक्टरांना वाटत होतं, लोक खुळचट आहेत. आणि या दोन्ही समजुतींच्या मधे आमच्या सुया बुडत होत्या.

उघाडीवर

डॉक्टरांना दुपारनंतर येता येईना, त्यांना ठाण्यात काम असे. रोग्यांना दुपारी सुटता येईना. मी मुकादमाकडे गेले. पोशा मुकादम म्हणजे मिठागरावरचा शेवटचा शब्द. उंच, काळा, बोलताना दर वाक्याला खोकणारा. बिड्यांचा खोकला, असं तो स्वतःच सांगायचा.

"पानी घेताना उघाडीवरशी कोन हलत नाय," तो म्हणाला. "माझ्या बापाच्या येलेपासून हाय ह्यो कायदा. एकदा लोक हललं आन् बांध गेला. ठाव हाय ना तुना?"

"मग सुईच उघाडीवर आणली तर?"

"हितं? चिखलान?"

"तुमची राखणीची खोप आहे ना. तिच्यात."

त्यानं नाही म्हटलं. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. त्यानं पुन्हा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा सासूबाई माझ्याबरोबर आल्या, काठी घेऊनच. पोशा त्यांचा मानलेला भाऊ. त्यांनी एकच विचारलं, "पोशा, सोनीची खाट तू उचललीस का रं?" तो तेव्हा तापानं पडलेला होता, उचलणार कुठून? पण ती सबब त्यानं पुढे केली नाही. मग म्हणाला, "करा काय करायचा तो."

डॉक्टरांची अडचण वेगळी होती. सुया उकळायच्या कशा, स्वच्छता राहायची कशी. मालतीबाई म्हणाल्या, "स्टो मी आणते, डॉक्टर. खोपीत उकळेन. आठ दिवस देऊन बघा मला." ही बाई स्टो घेऊन डोंबिवलीच्या चाळीतून निघून गाडीनं ठाण्याला, तिथून चालत आमच्या बांधावर येणार होती. तिला कुणी तसं करायला सांगितलं नव्हतं.

पौर्णिमेला पहिला दिवस ठरला. वाऱ्यानं स्टो पेटेना. पोशानं न बोलता मिठाच्या टोपल्या आणून त्याच्याभोवती रचल्या. पाणी उकळलं, सुया तयार झाल्या, आणि कुणीच पुढे येईना.

त्याचं कारण मला उशिरा लक्षात आलं. शाळेत आतली खोली होती. इथं सगळ्या गावादेखत खोपीत शिरायचं म्हणजे मला क्षय आहे असं ओरडून सांगण्यासारखंच. ज्याचा त्याचा दमा, ज्याची त्याची बाधा उघडी पडणार होती. माणसं पाण्याकडे बघत उभी राहिली. मालतीबाई हातात सिरिंज घेऊन खोपीच्या दारात.

मला त्या दिवशी तिथं यायची गरज नव्हती, माझी सुई शाळेत झाली असती. पण मी बसत-उठत बांधावरून तिथवर आले होते आणि दम खात एका दगडावर बसले होते. मी उठले. मला राग आला होता, खरंच सांगते. गावाचा राग, त्या लाजेचा राग. पाण्याच्या आवाजाच्या वर जाईल इतक्या मोठ्यानं मी म्हटलं, "मना क्षय हाय. माझी सुई आज हाय. ज्याला लाज वाटते त्यानं डोले मिटा." आणि खोपीत शिरले.

बाहेर आले तेव्हा दारात एकजण उभा होता. त्याच्यामागे आणखी एक. गावानं आपणहून तोंड खाडीकडे फिरवलं होतं. खोपीकडे कुणी बघत नव्हतं. आमच्या लोकांना बोलता येत नाही, पण तोंड फिरवता येतं वेळेला.

भरती उतरली, फळी पडली, माणसं पांगायला लागली. मालतीबाई स्टो विझवत होत्या. तेव्हा पोशा मुकादम खोपीच्या दाराशी आला, वाकून आत बघितलं आणि म्हणाला, "नर्सबाय, माझी पन छाती बगून घ्या एकदा."

त्याचा बिड्यांचा खोकला क्षयच निघाला. पण लवकर निघाला.

तिथून पुढे उधाणाच्या दिवशी सुई खोपीत आणि भांगाच्या दिवशी शाळेत, असा आमचा दवाखाना चालला. मालतीबाई पिशवीत तिथींचं कॅलेंडर ठेवायला लागल्या. त्यांच्या चाळीतल्या बायकांना वाटलं, बाई फार धार्मिक झाली. डॉक्टरांनी वर काय कळवलं ते मला माहीत नाही. दवाखाना बंद करायची भाषा पुन्हा ऐकू आली नाही. पुढच्या वर्षी शेजारच्या मिठागरावरूनही बोलावणं आलं.

जे अजून औषध घेत आहेत त्यांना

मला शहाणपण सांगायचा हक्क नाही, पण दुखणं काढलंय तेवढ्यावर बोलते. दोन-तीन महिन्यांनी बरं वाटायला लागतं. भूक लागते, अंगावर मांस चढतं, लोक म्हणतात, झालीस की बरी. तो दिवस फसवा. त्याच दिवशी पुडी टाकावीशी वाटते. टाकू नका. चिडा, रडा, घरच्यांशी भांडा, लोणचं चोखा, पण पुडी घ्या.

आणि दवाखाना तुमच्या वेळेला उघडा नसेल तर घरी बसून नशिबाला बोल लावू नका. जाऊन सांगा, आमची वेळ ही आहे, आमचं काम असं आहे. डॉक्टर मनकवडा नसतो. रागावेल, तर रागावू द्या. गावाच्या पायरीवर औषध येऊन थांबलं म्हणजे ते सगळ्यांच्या पोटात गेलं असं होत नाही. शेवटची दोन पावलं कुणी चालायची, हे बोलूनच ठरवावं लागतं. आमच्याकडे ती मालतीबाई चालल्या, आणि थोडी आम्हीही.

ज्यांच्या घरात रोगी आहे त्यांनाही एक सांगते. ताट वेगळं ठेवा, जरूर ठेवा. पण हातानं ठेवा.

डोंबिवली

शेवटचा फोटो डॉक्टरांनी पुन्हा त्याच खिडकीत धरला. या वेळी त्यांनी तो मलाही दाखवला. मला त्यातलं काही कळत नाही, सगळे फोटो मला ढगांसारखेच दिसतात. "जुनी खूण राहिली आहे, भरून आलेल्या जखमेची," ते म्हणाले. "थुंकीत काही नाही. सुया बंद, गोळ्या अजून काही महिने. ऊन टाळा, जागरण टाळा. वर्षभर जड काही उचलायचं नाही. पाण्याची कळशीसुद्धा नाही. कळलं?"

"कळलं," मी म्हटलं. "मुलीला जवळ घेऊ?"

"घ्या," ते म्हणाले, आणि चष्मा काढून पुसत बसले.

मी घरी गेलेच नाही. हरीला तिथूनच डोंबिवलीच्या गाडीकडे ओढलं. माहेरी पोचलो तेव्हा वडील पुढच्या दारी बी निवडत होते. कमळी घरामागून धावत आली आणि मला बघून अंगणाच्या मधोमध थांबली. आपणहून. कुणी खेचलं नव्हतं तिला. चार वर्षांची गेली होती, आता सहावं लागलं होतं. हात मागे बांधून ती तिथूनच ओरडली, जशी वर्षभर ओरडत होती.

"आये, जेवलीस?"

मी नुसती मान हलवली आणि हात पुढे केले. ती वडिलांकडे बघत राहिली. वडिलांनीही मान हलवली. तरी ती हलली नाही.

"आये, आता तुना शिवू?"

मीच गेले तिच्याकडे. खाली बसून तिला मिठीत घेतलं आणि तशीच उचलून उभी राहिले. चांगली वाढली होती पोरगी, धान्याच्या गोणीएवढी भरली. हरी म्हणाला, "हिरे, डाक्टरनी काय सांगितला?"

वर्षभरात डॉक्टरांचा एकही शब्द मी मोडला नव्हता. हा मोडला. कमळीला घेऊन मी दारापर्यंत गेले, दारातून आत गेले आणि माझ्या आईनं ताट वाढेपर्यंत खाली ठेवलं नाही.